सहा अमेरिकन पिकअप

माझं लग्न सहा पिकअपवर ठरलं, आणि त्यातला एकही वीतभर लांब नव्हता.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बारामतीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि डोक्यात एक किडा होता. अमेरिकेतली एक छोटी कंपनी इलेक्ट्रिक गिटारी बनवायची. (इतकी छोटी, की तिचं नाव तिकडंही फक्त शेजाऱ्यांना माहीत असावं!) बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांकडून, पुण्याच्या जुन्या बाजारातून मी तिच्या तीन गिटारी जमवल्या होत्या. प्रत्येकीत तारांखाली दोन पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली पट्टी. गिटारीचा सूर ती पकडते. जन्मभर जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्याला असली नाजूक कॉइल दिसली, की तो कामातून गेलाच! येईल त्याला मी पिकअपचंच सांगत बसायचो.

मामालाही सांगितलं. मामानं अर्धंच ऐकलं आणि माझ्यासाठी स्थळ बघायला बावड्याला जाऊन दीडपट सांगितलं, "पोराकडं सहा पिकअप हायती. समद्या अमेरिकेच्या!"

मुलीचे वडील, तात्या, टोमॅटोवाले बागायतदार. भाड्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून त्यांचा माल बांधावरच मऊ पडायचा. आम्ही मुलगी बघायला गेलो. सुनंदा मला बघताक्षणी आवडली. चहा ती देत होती आणि लाजत मी होतो.

तात्यांनी विचारलं, "पिकअप सहाच का?"

मला भरून आलं. आपणहून पिकअपबद्दल विचारणारा हा पहिलाच माणूस!

"सध्या सहाच, तात्या. अजून बघतोय."

"समद्या चालू?"

"दोन चालू. चार उघडून ठेवलेत."

"ठेवता कुठं?"

"पलंगाखाली."

तात्यांनी मामाकडं पाहिलं. मामा म्हणाला, "पलंग मोठा हाय."

"डिझेल किती खात्यात?"

(मला वाटलं, जनरेटरचं विचारतायत.) "डिझेल कशाला? विजेवर चालतात."

"आरं तिच्या मायला! अमेरिका लई फुडं गेली की!" म्हणत तात्यांनी सुपारी फोडली.

आठवड्यातच दुकानाशेजारच्या एसटीडीवर तात्यांचा फोन आला. "जावईबापू, उद्या सकाळच्याला दोन पिकअप घिऊन या. अख्खी भावकी वाट बघतीया!"

भावकीला पिकअप बघायचेत! मी हुरळलो. चालू असलेले दोन पिकअप गिटारीतून सोडवले, घासूनपुसून पेढ्याच्या खोक्यात कापसावर ठेवले आणि इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या एसटीनं बावडा गाठला.

रस्त्याकडंला टोमॅटोचे क्रेट छातीएवढे रचलेले. भोवती भावकी, भावकीत सुनंदा. तात्या मान उंचावून माझ्यामागचा रस्ता बघत होते.

"पिकअप?"

"आणलेत की!" मी खोकं उघडलं.

एका म्हातारीनं पेढा समजून एक उचलला आणि गुपचूप परत ठेवला.

"जावईबापू," तात्या हळूच म्हणाले, "ह्याच्यात दोनशे क्रेट घालायचं हायती."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला! लग्न गेलं, सुनंदा गेली! मी सगळं भडाभडा सांगून टाकलं: गिटार, तारा, कॉइल, मामा.

"म्हंजी गाडी न्हाईच!" तात्यांचा आवाज चढला. "निदान ह्ये वाजतंय तरी का?"

"त्याला ॲम्प्लिफायर लागतो. तो... अजून घेतला नाही."

"म्हंजी आजवर वाजलंच न्हाय?"

"न्हाय," मीही घाबरून त्यांच्याच भाषेत बोललो.

"मोडलं लगीन!"

तशी सुनंदा पदरात हसू दाबत पुढं आली. "तात्या, गाडी काय, भाड्यानं बी मिळंल. पर ज्याचं वाजंतर सुदिक आवाज करत न्हाय, असला नवरा पुन्यात तरी घावंल का?"

भावकी खो खो हसली. शेवटी तात्याही हसले, "मंग क्रेट तरी उचला, जावईबापू!" शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला आणि त्या इस्त्रीच्या शर्टात मी एकट्यानं दोनशे क्रेट चढवले.

लग्न झालं. तीन गिटारींच्या सात झाल्या, ॲम्प्लिफायर मात्र सुनंदानं आजतागायत घेऊ दिला नाही. पाहुणे भिंतीवरच्या गिटारी बघून विचारतात, "किती वाजंतरं हायती वो?"

ती सांगते, "आठ. सात खुंटीला टांगल्यात, आठवं तुमच्यासंगं च्या पितंय."