बाप्पाला कापूस, बोकडाला लाथ

डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आत्ताच लिहायला बसलेय.

पेणजवळ जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना आहे. आज परदेशी जाणाऱ्या मूर्ती खोक्यांत भरत होतो. मूर्तीभोवती पेंढा, बोटांच्या फटीत कापूस. सासरे सारखे ओरडत होते, "हळू गो, बोट मोडंल!"

तेवढ्यात दारासमोर एक टेम्पो पंक्चर झाला. आत बोकड. इतके कोंबलेले, की खाली बसायलाही जागा नाही. तेही जहाजाने परदेशीच चालले होते. एकाचा पुढचा पाय मोडून टेम्पोबाहेर लोंबत होता आणि बाकीचे त्याच्याच अंगावर उभे होते.

मी पाण्याची बादली आणि कवेत मावेल तेवढा पेंढा घेऊन धावले. "दादा, ह्याला जरा खाली घ्या ना."

ड्रायव्हर चाक बदलता बदलता हसला. "कापायचेच तर हायत, ताई. पाय मोडला काय नि नाय काय!" उठला आणि लोंबणारा पाय त्याने लाथेनेच आत ढकलला.

मागून सासरे म्हणाले, "पेंढा परत आण गो, मूर्तींना कमी पडंल."

टेम्पो गेला. बादली भरलेलीच राहिली. मी परत येऊन कापूस लावायला बसले.

ड्रायव्हरला द्यायचं उत्तर आत्ता सुचतंय. तुम्हालाच विचारते. बाप्पालाही शेवटी बुडवायचंच असतं ना? मग त्याच्या बोटाला एवढं जपतो कशाला आपण?