दोन गोठ्यांत एक वळू

९ मार्च १९९८ रोजी फिन्टन गिलरेन आणि त्याचा शेजारी पॅकी सोरन यांनी मिळून दोन हजार तीनशे पन्नास पौंडांना शारोले जातीचा एक दांडगा वळू घेतला. निम्मे पैसे याचे, निम्मे त्याचे. मे अखेरपर्यंत वळू पॅकीच्या गाईंत राहायचा, जूनपासून फिन्टनच्या, असं ठरलं. विकणाऱ्याने रिवाजाप्रमाणे शकुनाचे वीस पौंड परत दिले, ते पॅकीने बाजारासमोरच्या पबमध्ये दोघांच्या वतीने संपवले.

लीट्रिम परगण्यातल्या त्या पाणथळ टेकड्यांवर एकट्याला वळू पोसणं परवडत नसे. दोघांच्या बापांनीही एकाच वळूवर भागवलं होतं. पण तेव्हा दोन्हीकडच्या गाई सारख्याच अंगाच्या होत्या. पुढे पॅकीने सिमेंटल जातीचं रक्त आणून आपल्या गाई उंच, रुंद कमरेच्या केल्या. फिन्टनच्या मात्र आईच्या वेळेसारख्याच राहिल्या. बुटक्या शॉर्टहॉर्न, दुधाला चांगल्या, स्वभावाने गरीब, कमरेत अरुंद.

फिन्टनला काळा अँगस हवा होता. अँगसचं वासरू डोक्याने लहान, गाय सहज मोकळी होते. बाजारात त्याने तसं म्हणूनही पाहिलं.

"अँगस?" पॅकी म्हणाला. "लेका, इटलीचे व्यापारी इतक्या लांब काळे उंदीर न्यायला येतात होय? त्यांना पिवळं वासरू लागतं, मागून पावासारखं फुगलेलं. याचं मागचं अंग बघ जरा!"

"मी पुढचं बघतोय. एवढे खांदे माझ्या गाईतून बाहेर यायचे कसे?"

"एकेक करून!"

आजूबाजूचे सगळे हसले. फिन्टनही हसला. चारचौघांत पॅकीला नाही म्हणणं त्याला साठ वर्षांत जमलं नव्हतं.

घरी त्याची थोरली बहीण अट्रॅक्टा होती. दोघंही बिनलग्नाची. तिने वळू एकदा नीट पाहून घेतला.

"पॅकीच्या मापाचा जोडा आणलास. आता चावणार तुझ्या पायाला. आणि कालवडीचं काय?"

तिचाच तर घोर होता. आईने वाढवलेल्या गाईच्या वेलातली ती एकच कालवड उरली होती, तांबड्या-पांढऱ्या मिसळ रंगाची. ती गेली की वेल संपला. तिला वळूपासून लांब, वरच्या शेतात ठेवायचं आणि अँगसचं कृत्रिम रेतन करून घ्यायचं, असं फिन्टनने ठरवलं.

जूनमधल्या एका रविवारी ती माजावर आली. रेतनवाला सोमवारी सकाळी यायचा होता. वळूला तेवढा धीर नव्हता. फिन्टन चर्चमधून परतला तेव्हा गडगा ढासळलेला होता आणि वळू कालवडीशेजारी निवांत चरत होता. फिन्टनने काठी उगारली आणि तशीच खाली घेतली. आता त्याला हाकलून काय होणार होतं?

"डॉक्टरीणबाईंना बोलव. इंजेक्शनने पडतो गर्भ," अट्रॅक्टा म्हणाली.

"एका उडीत लागलीच असेल कशावरून?" पॅकी म्हणाला. "उगाच सुया टोचून वांझ करून ठेवशील."

फिन्टनने थोडं थांबायचं ठरवलं. थांबता थांबता मुदत टळली, आणि कालवड गाभण निघाली.

मग नुसतं बघत बसणं. चारा तोडावा तर कालवड खंगते, वाढवावा तर वासरू फुगतं. तो रोज मापून गवत टाकी, आणि टाकल्यावर जास्त झालं की कमी, याचाच विचार करत उभा राही. फेब्रुवारीपासून पॅकीच्या गाई व्यायला लागल्या. सोनेरी, भरदार वासरं, एकालाही ओढून काढायला दोरी लावावी लागली नाही. गावातले लोक ती बघायला येत आणि जाता जाता फिन्टनचंही अभिनंदन करत.

मार्चअखेरीस एका सकाळी कालवडीला कळा आल्या आणि वासराचे दोन खूर बाहेर दिसले. त्यांची जाडी पाहून फिन्टनने ओढायची दोरी हातात घेतलीच नाही. गुरांची डॉक्टर डीरिन आली, तिने हात घालून पाहिलं.

"ओढलं तर दोघंही जातील, फिन्टन. कूस कापावी लागेल."

"कापा, बाई."

पॅकी हाकेसरशी धावत आला आणि दावं धरून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात थट्टा नव्हती. कुशीतून गोऱ्हा निघाला, पिवळा, जिवंत, बाजारात कुणाचीही नजर ठरावी असा. डीरिनने टाके घातले. कालवड थोडा वेळ उभी राहिली, मग गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली.

"आत रक्त चाललंय," डीरिन म्हणाली. "आता माझ्या हातात काही नाही."

फिन्टन तिचं डोकं मांडीवर घेऊन पेंढ्यात बसून राहिला. दुपारी ती गेली.

"फिन्टन, मी त्या दिवशी..." पॅकीने सुरुवात केली.

"गोऱ्ह्याला चीक लागेल. माझ्याकडे दुसरी ताजी व्यालेली नाही."

पॅकी गेला आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक काढून घेऊन आला. अट्रॅक्टाने तो गोऱ्ह्याला पाजला.

मे महिना उलटल्यावर वळू ठरल्याप्रमाणे पुन्हा फिन्टनच्या शेतात आला. अर्धा वळू विकता येत नाही, आणि पूर्ण विकायला पॅकी तयार नव्हता. फिन्टनने त्याच्यासाठी फाटक उघडलं.

चीक ज्याचा घेतला त्याला, आपली गाय व्याली की परत करतात. त्यानंतर फिन्टनच्या गोठ्यात कितीतरी गाई व्याल्या, पण पॅकीचा दोन बाटल्या चीक फिन्टनकडून अजून यायचा आहे.