बुडून आलेली गाडी

मॅनेजरने गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. मी विचारलं होतं सरळच, "पुराच्या पाण्यातली तर नाही ना गाडी?" नदीकाठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरून गाड्या बुडाल्याला तेव्हा फार महिने झाले नव्हते. तो दुखावल्यासारखा हसला आणि म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांची गाडी आहे. घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर. गळ्याशप्पथ." वर आणखी, "साहेब नाही आले बरोबर?"

"साहेब मीच आहे," मी म्हटलं.

ते हडपसरचं एक मोठं शोरूम होतं. पुढे काचेच्या दालनात नव्या गाड्या, मागे पत्र्याच्या शेडखाली वापरलेल्या. मी मागच्या शेडचं गिऱ्हाईक. खडकीला नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये एकटीचा संसार. गाडी हवी होती आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील, लोणी काळभोरला माझ्या भावाकडे राहतात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रिक्षात चढता येईना. बसचा तर प्रश्नच नव्हता. तपासणीसाठी त्यांना पुण्यात आणायचं, नेऊन सोडायचं, हे काम माझ्याकडे आलं. त्यासाठी मी पन्नाशीत गाडी चालवायला शिकले.

पहिल्या आठवड्यात गाडीत एक कुबट वास यायला लागला. मी फोन केला. मॅनेजर म्हणाला, "परफ्यूम ठेवा की एखादा." मी ठेवला. आता आठवलं की माझाच राग येतो.

मग ती दुपार आली. आबांना तपासून परत लोणीला नेत होते. सोलापूर रस्त्यावर गाडी एकदम बंद पडली. दिवे गेले, एसी गेला, काचा वरच राहिल्या. मी पुढच्या दारातून उतरले. मागचं एकही दार उघडेना, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. आबा मागे बसले होते. पुढच्या सीटवर यायचं तर पाय दुमडायला हवा, आणि तो दुमडायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी पुढची दोन्ही दारं सताड उघडली, पण एप्रिलचं ऊन गाडीच्या टपावर नुसतं तापत होतं. आबांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. घराबाहेर फेटा काढलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी मॅनेजरला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, एवढ्या म्हाताऱ्या माणसांना उन्हातान्हात बाहेर काढायचंच कशाला?"

मॅडमची काकू झाले होते मी. व्यवहार झाला होता ना.

आबांनी फेट्याच्या टोकाने घाम पुसला. मग म्हणाले, "आगं, मला जायाचंय." मी म्हटलं, "आबा, होईल आता, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं नव्हती. तोवर माणसं जमली होती, एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. शेवटी जवळच्या ढाब्यावरच्या एकाने पाना मारून काच फोडली, दोघातिघांनी मिळून आबांना खिडकीतून अलगद बाहेर घेतलं. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. सगळ्यांनी पाहिलं. आयुष्यभर गावाच्या पंचांत बसलेला माणूस, त्याने मांडीवरचा फेटा पुढे धरला आणि मान खाली घातली. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन करून क्वार्टरवर आणली. मागची सीट धुवायची होती. ते काम मला दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नव्हतं. सीट काढली, खालचं कार्पेट ओढलं. खाली गाळ होता. नदीचा वाळलेला, भेगा पडलेला, बारीक गाळ, त्यात जलपर्णीचं एक सुकलेलं पान. मी बादलीशेजारी जमिनीवरच बसले. रडले नाही. आपण काय करणार आहोत ते मला त्याच वेळी कळलं होतं.

आधी रीतसर सगळं केलं. शोरूमला गेले, गाळ दाखवला. मॅनेजर म्हणाला, "चिखलाच्या चपला घेऊन बसला असाल." कार्पेटच्या खाली? "पाझरतो काकू." सोबतची पोरंसोरं हसली. ग्राहक मंचात तक्रार केली, तिथे तारखा पडत राहिल्या. भाऊ म्हणाला, "सोड ना आता." मी सोडलं नाही. फुटलेली काच बदलून घेतली. मागच्या दारांच्या कुलपांना मात्र कुणाला हात लावू दिला नाही. गाडी झाकून ठेवली आणि दसऱ्याची वाट पाहिली.

दसऱ्याला शोरूममध्ये काय असतं ते ज्याने नवी गाडी घेतली त्याला माहीत आहे. सहकुटुंब लोक येतात, नवीन कपडे घालून. लाल कापडाखाली गाडी, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, पेढे, फोटो. मी सकाळी लवकर टोचन करून माझी गाडी फाटकाच्या शेजारी, पण बाहेर, रस्त्याच्या कडेला उभी केली. तिलाही हार घातला. बॉनेटवर ते कार्पेट उलटं पसरलं, गाळाची बाजू वर. आदल्या दिवशी आबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले, "मला बी ने." भावाने त्यांना त्याच्या मित्राच्या गाडीतून आणलं. फेटा बांधून, काठी घेऊन ते खुर्चीवर बसले.

मी ओरडले नाही. घोषणा नाहीत, फलक नाही. येणारा प्रत्येकजण थांबून विचारायचा, "हे काय हो?" आणि मी सांगायचे. सुरुवातीपासून, सगळं. धोतराचं तेवढं सांगितलं नाही. जुनी गाडी बघायला आलेलं एक जोडपं तिथूनच परत फिरलं. नव्या गाडीचा ताबा घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी आत जाऊन त्यांच्या गाडीचं कार्पेट उचलून दाखवायला सांगितलं. नव्या गाडीचं! मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

शेवटी मॅनेजर बाहेर आला. मोतिया रंगाचा रेशमी कुर्ता, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"मॅडम, सणासुदीचं काय हे?"

"गाडीची पूजा करायला आणली आहे. तुमच्याच हातची ना ती."

लोक हसले. ते हसणं त्याला झोंबलं. आजूबाजूच्या लोकांकडे वळून तो मोठ्यांदा म्हणाला, "काही झालेलं नाही हो गाडीला. चालवता येत नाही, मग आमच्या नावाने ओरडायचं. बघा, मी स्वतः बसून दाखवतो."

काच बदलताना मागचं डावं दार कसंबसं उघडलं होतं, ते मी नुसतं टेकवून ठेवलं होतं. एकदा लावलं की अडकायचं. हे मला माहीत होतं. मी एक शब्द बोलले नाही. तो मागच्या सीटवर ऐसपैस बसला, दार ओढून घेतलं आणि काचेतून लोकांना अंगठा दाखवला.

मग दार उघडायला गेला.

ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नसतं. त्याने हँडल ओढलं, पुन्हा ओढलं, पलीकडचं ओढलं. काचेच्या बटणावर बोट दाबत राहिला. शोरूमची माणसं बाहेरून खेचायला लागली. पुढची दारं मी कुलूप लावून ठेवली होती आणि चावी माझ्या मुठीत होती. "चावी द्या मॅडम," एकजण म्हणाला. मी म्हटलं, "शोधते." पर्स उघडली. पर्समध्ये मी पुष्कळ वेळ शोधलं.

त्याचा कुर्ता छातीवर काळपट झाला, तेव्हा आबा खुर्चीवरून म्हणाले, "घामाजलाय त्यो. पानी द्या त्याला."

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. म्हणूनच मी पुढचं दार उघडलं, नाहीतर अजून शोधलं असतं. मागचं दार तरीही उघडेना. पोट सांभाळत, दोन सीटच्या मधून, डोकं आधी घालून तो बाहेर आला. कुर्ता गिअरला अडकून काखेत फाटला. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते. या वेळी शूटिंग करणाऱ्यांना मी मनापासून दुवा दिला.

तासाभरात मालक आला. आम्हाला एसी केबिनमध्ये बसवलं, ताई ताई केलं, गाडी परत घेतली, पैसे दिले. मॅनेजरला आबांसमोर हात जोडायला लावले. आबा खिडकीबाहेर बघत होते. परत जाताना म्हणाले, "बास आता." त्यांचं झालं होतं. माझं झालं नव्हतं.

पुढे मी दुसरीकडे नवी गाडी घेतली, लहानशी. आबा तिच्यात पुढे बसतात, काच अर्धी उघडी ठेवतात, हिवाळ्यातही.

गेल्या वर्षी हडपसरच्या भाजी बाजारात तो मॅनेजर दिसला. त्याचा हात धरून एक म्हातारे गृहस्थ चालत होते. पायरी आली की तो थांबायचा, त्यांचा पाय नीट पडू द्यायचा. चेहऱ्यावरून कळत होतं, वडील असणार. मला पाहून तो जागच्या जागी थबकला. मला परत फिरता आलं असतं. मी पुढे गेले आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "काका, तब्येतीला जपा हं. उन्हात बंद गाडीत बसू नका."

ते खूश झाले. "कोण गं तू, बाळ?"

"तुमचा मुलगा ओळखतो मला. त्यालाच विचारा."

एवढं बोलून मी मेथीच्या हातगाडीकडे वळले. मागून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, "कोण रे? कोण होती ती?" त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण सांगायला त्याला बराच वेळ लागला.