पहिली ओळ : शिपाई

नामदेवकाका आमच्या भूमच्या शाळेत शिपाई होते. घरी अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर ते वर्गाची किल्ली माझ्या हातात ठेवत. घरातला पहिला इंजिनिअर मी त्या किल्लीमुळे झालो. म्हणूनच क्लायंटने 'शिपाई' शब्दावर लाल काट मारली, तेव्हा मी फाइल मशिनवर पाठवली नाही.

चाकणला आमचं एचिंगचं युनिट आहे. धातूवर फिल्म चिकटवायची, अक्षरं तेवढी उघडी ठेवायची आणि तेवढा भाग ॲसिडला खाऊ द्यायचा. मग खाचेत रंग भरायचा. एकदा पडलेली खाच खोडता येत नाही.

तळेगाव दाभाड्याच्या एका शाळेत एका कर्नलांची पितळी पाटी लागणार होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात शिपाई, मग जमादार, पुढे कमिशन, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लेफ्टनंट कर्नल. माहिती त्यांच्या नातवाने दिली, ओळी मी लावल्या. नातू वाकडला राहतात, आयटीत मॅनेजर आहेत. प्रूफ घेऊन ते स्वतः आले. 'शिपाई' खोडून 'कनिष्ठ अधिकारी' लिहिलं होतं.

"साहेब, तेव्हा ते अधिकारी नव्हते."

"अहो, शिपाई म्हटलं की पोरांना घंटा वाजवणारा आठवतो."

आमचे मालक तांबोळीभाई मध्ये पडले. "भावा, आपण प्लेट बनवतो, इतिहास नाही. टाक मशिनवर."

"भाई, पाटीखालीच पेटीत मेडल राहणार. त्याच्या कडेवर इंग्रजीत 'सिपॉय' कोरलंय. पोरं तेही वाचतील."

नातवाने मोबाइलवर मेडलचा फोटो मोठा करून पाहिला. "मग सैनिक लिहा."

"सैनिक तर कर्नलही असतो. ते पार खालून वर आले, हे त्यात दिसत नाही."

"काम दुसरीकडे देऊ का?"

"द्या साहेब. ही ओळ खोडून मी करणार नाही."

"ऑर्डर गेली तर तूही जाशील, राव," भाई हळूच म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

नातवाने आईला, म्हणजे कर्नलांच्या मुलीला, फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "बाबा सांगायचे, शिपाई होतो म्हणून शिपायाचे पाय कुठे दुखतात ते कळायचं. तुला कशाची लाज वाटते रे?"

नातू फोन ठेवून प्रूफकडे वळले. मग म्हणाले, "बरं, लिहा. पण बारीक लिहा."

"बारीक अक्षरात रंग धरत नाही, साहेब. सगळ्या ओळी एकाच मापात."

भाई तोंड फिरवून हसले.

पाटी वेळेवर लागली. तेव्हापासून सही घेण्याआधी मी क्लायंटकडून प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून घेतो. ॲसिडला अर्थ कळत नाही.

त्याच आठवड्यात मी पत्र टाकलं :

'ती. नामदेवकाकांस सा. न.
तुमच्या निरोपाच्या मानपत्रात "शिक्षकेतर कर्मचारी" लिहिलं होतं. "म्हंजी मी नेमका कोन?" असं तुम्ही विचारलंत आणि आम्ही सगळे हसलो. सोबत पाटीचा फोटो आहे. पहिली ओळ वाचा. अक्षरं कर्नलांच्या ओळीएवढीच आहेत. बघायला या, स्टँडवर घ्यायला मी येतो.
तुमचा किल्लीवाला.'