आपल्या सगळ्या आत आहेत

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. आणि त्याला मी काय सांगत नव्हते? भाजीवालीशी झालेलं भांडण, जावेचा टोमणा, चोरून खाल्लेला पेढा — सगळं. तो गेला, तरी हे माझ्याकडेच राहिलं. आता सांगायला बसलेय, पण सरळ येईल असं वाटत नाही. मी आधी इकडचं तिकडचं बोलेन. मला माझी सवय माहीत आहे.

राजुरीत माझा शिवणक्लास होता. रस्त्याला लागून एक गाळा, पुढे लोखंडी शटर, मागे पिठाच्या गिरणीच्या बोळात उघडणारं दार आणि अकरा मशिनं. पोरी मला घाबरायच्या. मी होतेच तशी — एक टाका वाकडा गेला तरी सगळी शिवण उसवायला लावणारी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा आठवडे बाजारात एक माणूस कोयता घेऊन दुसऱ्याच्या मागे धावताना मी पाहिला. भरदुपारी. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत कोयता कोणाच्या हातात दिसला म्हणून कोणी वळून बघत नाही. पळणारा एका ट्रकच्या केबिनमध्ये चढला आणि वाचला. मी मात्र कोथिंबिरीची जुडी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. पाय हलेनात. शेवटी भाजीवालीने पदराला धरून मला खाली बसवलं. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली — पुन्हा असं उभं राहायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

मग मी तयारीला लागले. दर शनिवारी क्लास सुटायच्या आधी पोरींकडून सराव करून घ्यायचा. पदर, ओढणी आधी कमरेला खोचायची. बाहेर आरडाओरडा झाला तर बघायला दारात जायचं नाही. कात्री हातात घ्यायची नाही, ती हिसकावली जाते. बाहेर सापडलात तर पळायचं, आणि ओरडायचं ते पोटातून — नुसतं 'वाचवा' नाही, आपलं नाव सांगून. पडलातच तर दोन्ही हातांनी मान झाकायची. पोरी हसायच्या. 'बाई, आपल्याला फौजेत जायचंय का?' असं एकीने विचारलं, तिला मी दहा काजं जास्त घालायला लावली.

आणि शटर. ते एकदा खाली आलं की वर करायचं नाही, हा नियम. खाली आलं की मोजणी. प्रत्येक मशीनवर मी खडूने आकडा घातला होता. ज्या मशीनवर जी बसते, तिने तो आकडा म्हणायचा. एक ते अकरा झाले की मागच्या दाराने बोळात. मला या मोजणीचा फार अभिमान होता. नवी आलेली बाई आधी सतरंजीवर बसून काज, बटण, हातशिलाई शिकायची. मशीन रिकामं झालं की तिला वर घ्यायचं. म्हणजे सतरंजीवरच्या बाईला आकडाच नसायचा. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. खरंच आली नव्हती. पण ती चूक सांगायला मी बसलेली नाही.

रात्री डोळे मिटून मी तो प्रसंग मनात घडवून बघायची. आज गिरणीपाशी, उद्या एसटी स्टँडवर. शेकडो वेळा बघितला असेल. आणि दर वेळी मी कोणाला तरी हाताला धरून आत ओढत असे. दर वेळी! आपल्याला आपण किती चांगल्या वाटतो, नाही?

मंगल तेव्हा सतरंजीवर होती. पंचविशीची, नवऱ्याचा मार सोसून सोसून शेवटी पिंपरी पेंढारला भावाकडे परत आलेली. रोज जीपने यायची. बोलायची कमी, पण सराव सगळ्यांत मन लावून करायची. तिला कारण होतं.

बाजाराचा दिवस होता, दुपारचे तीन वाजले असतील. मी मंगलला समोरच्या कटलरीच्या दुकानात हुक आणायला पाठवलं. मीच पाठवलं. ती गेली आणि थोड्या वेळात 'पळा, पळा' असा गलका उठला. सुमन दाराजवळच्या मशीनवर होती. तिने शिकवल्याप्रमाणे शटर खाली ओढलं. पोरींनी आकडे म्हटले. एक ते अकरा, एकही अडखळली नाही. मोजणी पूर्ण.

आणि मग शटरवर हात पडले.

'बाई, मंगल. मी मंगल हाय. उघडा.'

आता तुम्ही म्हणाल, गोंधळात ओळखू आला नसेल आवाज. आला. पहिल्याच हाकेला आला. वेळ नसेल? होता. शेजारी जाळीची खिडकी होती, तिच्यातून मी बघितलं. कोयता घेतलेला तिचा नवरा अजून रसवंतीपाशी होता, कोणीतरी त्याच्या आडवं बाकडं टाकलं होतं, तो ते ओलांडायला बघत होता. शटर हातभर उचललं असतं तरी ती आत सरकली असती. सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, 'बाई, मंगल—' आणि मी शटरच्या खालच्या पट्टीवर पाय ठेवला. दाबून. आणि मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, 'आपल्या सगळ्या आत आहेत. मोजल्यात मी.'

तिने तीन वेळा हाक मारली. तिसऱ्यांदा माझ्या पायाखाली पत्रा थरथरत होता. मग हात निघाले.

अकरा पोरींचा जीव माझ्यावर होता, असं मी स्वतःला पुढे पुष्कळ सांगितलं. पण त्या क्षणी माझ्या मनात अकरा जणी नव्हत्या. एकही नव्हती. माझी मान होती, बस्स. मी भ्यायले. कोथिंबीर धरून उभी होते तेव्हाही भ्यायलेच होते, पण तेव्हा कोणी माझ्या दारावर हात मारत नव्हतं.

मंगल वाचली. पडली तेव्हा तिने दोन्ही हातांनी मान झाकली होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली, मान राहिली. रसवाल्याने आणि जीपवाल्यांनी मिळून त्या माणसाला पाडलं. पोलिसांना मी सांगितलं — पिकोचं मशीन चालू होतं, हाक कोणालाच ऐकू आली नाही, मोजणी पूर्ण होती. पोरींनी माझ्याकडे बघितलं आणि तेच सांगितलं. सुमनने महिनाअखेर क्लास सोडला. अकरा पोरी वाचवल्या म्हणून गावाने मला शाल-नारळ दिला. मी तो घेतला, आणि चार वाक्यं बोललेसुद्धा.

बरीच वर्षं गेली. रेडीमेड कपड्यांनी क्लास बसला. दोन हजार सहा की सात, मी मशिनं विकायला काढली, तेव्हा मंगल भेटायला आली. उजव्या हाताला सुई धरता येत नव्हती, म्हणून ती अंगणवाडीत मदतनीस झाली होती. तिने कप डाव्या हाताने धरला. चहा अर्धा झाल्यावर, मी काही विचारलं नसताना, तिने त्या दिवसाचा विषय काढला.

'बाई, माझंच चुकलं बगा,' ती म्हणाली. 'तुमी किती शिकवलं व्हतं, नाव सांगून वरडायचं. मला वाटायचं म्या वरडले. पन कुणालाच ऐकू न्हाई आलं, म्हंजी तोंडातून आवाजच फुटला नसंल. लई वर्सं मनाला लागून राहिलंय. वरडले असते तर तुमी उघडलं असतं.'

मी म्हटलं, 'होतं गं असं भीतीनं.'

तिने मान हलवली, उरलेला चहा प्यायली आणि साडेपाचच्या एसटीने गेली.

ती ओरडली होती. स्वच्छ, पोटातून, नाव सांगून, तीन वेळा. ती अजून पिंपरी पेंढारलाच असते, अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. आणि हे मी तुम्हाला सांगितलं, तिला नाही.