उलटं टांगलेलं विमान

रंधाताई म्हणत तिला, आणि तोंडावर म्हणत. बत्तीस वर्षं विमानांचे पंख तासणारी ही सुतारीण. खरी विमानं नव्हेत हो, दोन-दोन हातांची लाकडी मॉडेलं. ती वाऱ्याच्या बोगद्यात टांगायची, समोरून वारा सोडायचा, आणि साहेबलोकांनी काचेतून बघत बसायचं. बापाकडे दारं-खिडक्या करत शिकलेली बाई, पण तिच्या हातच्या पंखात कागदाच्या जाडीचाही फरक सापडायचा नाही. स्वभावाला मात्र रंधा कधी लागला नव्हता.

या खेपेचे पंख बाणासारखे मागे झुकलेले होते. अशा पंखांची एक खोड असते. वारा सरळ मागे न जाता टोकाकडे सरकतो, आणि विमानानं नाक फार वर केलं की आधी टोकंच वाऱ्याला सोडून देतात. ते कधी, हे कळायला पंखावर लोकरीचे बारीक दोरे चिकटवतात. वारा नीट वाहतोय तोवर दोरे निमूट पडून असतात. सुटला की नुसता थयथयाट.

दोन्ही टोकांनी तो एकदमच करायला हवा होता. नाक वर जाताना डाव्यानं दोन अंश आधीच हात टेकले.

"डावा पंख वाकडा झालाय," साहेब म्हणाले. "ताई, वय झालं आता तुमचं. हे मॉडेल बाहेरून करून घेऊ. तुम्ही भांडारात बसा, आराम करा."

आराम म्हणे! बत्तीस वर्षांची अब्रू, आणि अहवालात एक ओळ: 'डावा पंख सदोष.' उरलेला जन्म खिळे देत-घेत बसायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून वाईट म्हणजे, आत कुठेतरी तिलाही भीती वाटली. खरंच चुकला असेल का आपला हात?

दोन दिवस ती पंख तपासत राहिली. पंखाच्या आकाराचे कापलेले फर्मे लावले, बोट फिरवलं, डोळे मिटून पुन्हा फिरवलं. कुठे काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"मॉडेल उलटं टांगा."

"काय?"

"पोट वर, पाठ खाली. डावा पंख उजव्या भिंतीकडे जाईल. खोट पंखात असेल तर त्याच्याबरोबर तिकडे जाईल. नाही गेली, तर खोट तुमच्या बोगद्यात."

"अहो, यात अख्खा दिवस जातो."

"मी बत्तीस वर्षं दिलीत, तुम्ही एक दिवस द्या. चुकले तर उद्याच भांडाराची किल्ली घेते. हूं की चूं करायची नाही."

बोगदा चालवायचा तिचा धाकटा दीर. तिनंच शब्द टाकून त्याला नोकरीला लावलेलं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, कशाला हा हट्ट? सगळ्यांसमोर तोंडघशी पडाल."

"पडेन. तुम्ही वारा सोडा, भाऊजी."

वारा सुटला. मॉडेल उलटं होतं, म्हणून नाक खाली झुकवत न्यायचं आणि दोरे खालच्या काचेतून बघायचे. ताई तिथे उकिडवी बसली. नऊ अंश. दहा. अकरा झाले आणि थयथयाट सुरू झाला... उजव्या पंखावर! इतके दिवस शहाण्यासारखा वागलेला तो, डाव्या भिंतीकडे आल्याबरोबर बिघडला होता. डावा पंख पलीकडे अगदी गरीब गायीसारखा.

"बघा! बघा म्हणते ना!" त्या घरघरीतही तिची आरोळी सगळ्यांनी ऐकली.

मॉडेलपाशी येण्याआधी वारा तारेच्या बारीक जाळीतून गाळून येतो. ताई दिवा घेऊन तडक तिथे गेली. जाळीची उजवी बाजू लख्ख होती, डावीवर धुळीचा जाड थर. तिकडून वारा अडखळतच येत होता.

"भाऊजी, जाळी कशी झाडता?"

"दार उजवीकडे आहे ना, शिडी तिथेच लागते. मग हात पोचेल तिथवर..."

"आणि पुढे?"

दीर कान खाजवू लागला. सरळ पंखांच्या वेळी एवढ्यातेवढ्यानं काही बिघडलं नव्हतं. हे झुकलेले पंख पडले नाजूक. "चूक माझीच, साहेब," तो म्हणाला. माणूस आळशी खरा, पण लबाड नव्हता.

शिडी सरकवून जाळी धुतली. मॉडेल सुलटं टांगलं. बाराला दोन्ही पंख शांत. तेराला दोन्ही टोकं एकदम नाचली, आणि त्यांच्याबरोबर ताईही जवळजवळ नाचलीच.

साहेबांनी अहवालातल्या त्या ओळीवर काट मारली. "ताई, माझं चुकलं."

"नुसती काट नको. नीट लिहा खाली."

त्यांनी लिहिलं, 'दोन्ही पंख बिनचूक', आणि सही ठोकली. ताईनं कागद हातात घेऊन वाचला. मग सुतारशाळेच्या दारात जाऊन, सगळ्या करवती थांबवून, मोठ्यानं वाचला. डोळे घळाघळा वाहत होते आणि तोंडभर हसू होतं.

"वहिनी, मागच्यांना ऐकू नाही गेलं," दीर ओरडला.

तिनं पहिल्यापासून पुन्हा वाचला.