बिनफोडणीचे दिवस

यजमानांचा रुग्णालयातून फोन आला तेव्हा पास्ता चाळणीत निथळत होता. “सुमा गेली,” एवढेच ते म्हणाले. मी “बरं” म्हणाले आणि नळ सोडून पास्त्यावर गार पाणी ओतत राहिले... तो पुरता थंड झाल्याखेरीज त्यात काही कालवायचे नसते, हे तिनेच शिकवले होते. शेजारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खलबत्त्यात दाणे कुटत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “कूट जाडसरच ठेवू ना गं?”

सुमेधा माझी धाकटी नणंद. तिने लग्न केले नाही. कासारवाडीच्या आमच्या घरातच ती राहिली. कुरुळीजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासून ते पास की नापास हे ठरवणे, हे तिचे काम. घरातही तिची तीच भाषा. माझी पोळी वातड झाली की “हा लॉट रिजेक्ट, वहिनी!” आणि आईंचे पुरण जमले की “पास, डोळे झाकून पास!” मी पडले अबोल. महाविद्यालयात संस्कृत शिकवताना जेवढे बोलले असेन तेवढेच. घरात माझ्या वाटचेही सुमाच बोलत असे, आणि आता तिच्याविषयी बोलायची पाळी माझ्यावर आली आहे, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

आजाराचे निदान झाले, औषधे सुरू झाली आणि पहिल्यांदा घरातून हद्दपार झाली ती फोडणी. तेलात मोहरी तडतडली की पलीकडच्या खोलीत सुमाला उमासे येऊ लागत. दोन-तीनदा तसे झाल्यावर आईंनी हिंगाचा डबा उचलून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिला. “आजपासून फोडणी बंद,” त्या म्हणाल्या. जन्मभर ज्यांचा दिवस फोडणीच्या आवाजाने सुरू झाला, त्यांनी हे एका वाक्यात संपवले. वरणावर नुसते तूप, भाजी वाफवलेली. पण गरम अन्नाचा वासच सुमाला सोसेना, आणि गिळलेच तरी चव लागेना. “वहिनी, तोंडात आमची कंपनीच चालू आहे बघ,” ती म्हणायची, “नुसतं लोखंड!” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की वजन आणखी उतरले तर केमोचा पुढचा डोस देता येणार नाही. त्यामुळे प्रत्येक घास हा आमच्या घरात एक परीक्षा होऊन बसला. आई ताटलीकडे पाहत, मी आईंकडे पाही, आणि सुमा आम्हा दोघींकडे पाहून चमचा खाली ठेवी.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, “मला बँकॉकचं ते गार खावंसं वाटतंय.” कंपनीने पूर्वी तिला प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवले होते. तिथे रस्त्याकडेच्या एका बाईकडे ती थंड शेवयांचे काहीतरी खात असे. तिखट, आंबट, वर दाणे. तोंड आलेले नव्हते, म्हणून डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. मात्र सगळे ताजे आणि कच्चे पान मिठाच्या पाण्यात धुतलेले हवे, असे बजावले. तांदळाच्या शेवयांचा माझ्या हातून लगदा झाला, तेव्हा सुमानेच पास्त्यावर भागवायचे ठरवले. आईंना हे मुळीच पटले नाही. “आजारी माणसाला ऊन ऊन मऊ भात द्यायचा, की असलं गारढोण शिळं?” त्या पुटपुटल्या, पण पुटपुटतच दाणे भाजायला बसल्या.

नारळाचे दूध, लिंबू, गूळ, ठेचलेली हिरवी मिरची, सोया सॉस. गवती चहाची पात तर आमच्या कुंडीतलीच. सुमाने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि थांबली. “रिवर्क, वहिनी. तिथे एक पान असायचं. तुळशीसारखं, पण तुळस नव्हे.” आईंनी वृंदावनातली चार पाने खुडून आणली. त्यांच्या लेखी ही केवढी गोष्ट होती, हे मला ठाऊक होते. सुमाने चावून पाहिले आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. “आई, हे तीर्थ लागतंय गं!” मग मी बडीशेप भरडून घातली. “आता मुखवास झाला.” हसणे झाले, पण वाटी तशीच राहिली.

तळमजल्यावर हसीनाभाभी राहतात. त्यांच्या यजमानांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान होते. ते गेल्यावर आता मुलगा चालवतो. एका गुरुवारी मी जिना उतरत असताना भाभी दारातल्या पत्र्याच्या डब्यात लावलेल्या सब्ज्याच्या डहाळ्या कापत बसल्या होत्या, आणि वास आला... तुळस आणि बडीशेप, दोन्ही एकदम! मी जागीच उभी राहिले. “काय झालं, टीचर?” त्यांनी विचारले. मी अडखळत सांगितले. भाभींनी जुडी पदराआड घेतली. “नको गं. हा यांच्या कबरीवर चढवायचा. दर गुरुवारी पोराच्या हातानं पाठवते. बीमार पोरीच्या तोंडात हा पाला कसा घालू? माझं मन नाही घेत.” मी परत वर आले.

सुमाने सारे ऐकले, डोक्याला रुमाल बांधला आणि कठड्याला धरून, पायरीगणिक दम खात, स्वतः खाली उतरली. मी मागोमाग. “भाभी, पाला नाही देणार म्हणे?”

“तसं नाही गं बेटी... हा मैयतचा आहे.”

“भाईजान माझ्या हातचे बेसनलाडू मागून मागून खायचे. आज त्यांच्यातलं मूठभर मला दिलं तर रागावतील होय?”

“वेडी कुठली!” म्हणत भाभी हसल्या, मग रडल्या, आणि डबाच तिच्यापुढे सरकवला.

त्या दुपारी तिने वाटी संपवली. तळाला राहिलेले नारळाचे दूधही चाटले. “पास,” ती म्हणाली. आई देवघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पुढच्या वेळी वजन उतरले नव्हते. डोस मिळाला, त्यापुढचाही मिळाला... आम्हाला वाटू लागले होते की आता निभावले. मग कुठूनसा जंतुसंसर्ग झाला आणि तिला दाखल करावे लागले. शेवटच्या दिवसांत घास जात नसे. मी डबा उघडला की ती एक पान बोटांत चुरडून नाकाशी धरी आणि डोळे मिटून घेई. तरी आम्ही रोज डबा करीत राहिलो.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. हिंगाचा डबा अजून वरच्या कप्प्यातच आहे. तो काढा, असे आईंना कोण सांगणार?

गेल्या गुरुवारी भाभी जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कधी वर येत नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “टीचर, तुमच्यात कबर नसते ना?”

मी नाही म्हणाले. अस्थी इंद्रायणीत सोडल्या होत्या.

“तेच म्हटलं. मग हिला कुठं द्यायचं? आज पोराला दोन जुड्या दिल्या. एक यांच्यावर ठेव म्हटलं, आणि बाजूची जागा रिकामी आहे, तिथं एक आपल्या सुमाची. माझ्याकडून चूक तर नाही ना झाली?”

तेवढ्यात आई आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले असावे.

“भाभी,” त्या म्हणाल्या, “पानं मिठाच्या पाण्यात धुऊन पाठवता ना हो? तिला तशीच दिलेली चालायची नाहीत.”

भाभींनी आईंचा हात हातात घेतला. “हो, बाई,” त्या म्हणाल्या. “धुऊनच पाठवते.”